परसात कोणी आलं नव्हतं

जुन्या रहस्यमालिका नव्या प्रेक्षकांसाठी पुन्हा कराव्यात का, यावर अलीकडे टीव्हीमुळे बरीच चर्चा होते. अमरावतीत आम्ही हा वाद टीव्ही येण्याच्या पुष्कळ आधी घातला होता. विषय एका नाटकाचा होता आणि काळ महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांचा.

नाटक अकोल्याच्या एका वकिलाने स्वातंत्र्यापूर्वी लिहिलेले. तिन्हीसांजेला एका पाटलाचा परसातल्या विहिरीजवळ खून होतो. परसात कोणी आलेच नव्हते, असे घरातली सगळी माणसे शपथेवर सांगतात. शहरातून आलेला गुप्त पोलीस तिसऱ्या अंकात उलगडा करतो. गावाची राखण करणारा महार रोजच्यासारखा भाकर मागायला आला होता आणि "जोहार, मायबाप" म्हणाला होता. सगळ्यांनी ते ऐकले होते. पण त्याला कोणी मोजतच नव्हते, त्यामुळे कोणी सांगितले नाही. त्याची घोंगडी पांघरून प्रत्यक्षात आला होता पाटलाचा पुतण्या. तोंडाकडे कोणी पाहिले नाही, म्हणून तो सुटला होता.

पहिल्या प्रयोगांत हे रहस्य शेवटपर्यंत टिकत असे, असे जुने लोक सांगत. पुतण्या रंगमंचावरून सर्वांदेखत जाई आणि प्रेक्षकांनाही तो दिसत नसे.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात बातमीदार होतो. संध्याकाळी मोकळा असलो की एका हौशी मंडळात प्रॉम्प्टरचे काम करी. मंडळाचे दिग्दर्शक निवृत्त मास्तर होते. जुन्या प्रयोगांत पाटलाच्या भावाची भूमिका त्यांनीच केली होती. याही वेळी तेच करणार होते. गुप्त पोलिसाच्या भूमिकेसाठी कलेक्टर कचेरीतला एक तरुण कारकून निवडला होता. मंडळात त्याच्याइतका स्वच्छ आवाज कोणाचा नव्हता.

त्याचे घर बौद्ध. वडील भातकुलीकडच्या एका खेड्यात राहत. राखणीचे काम त्यांच्याकडे पिढीजात होते. गावाला "जोहार" घालण्यातच त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांनी तो शब्द उच्चारला नव्हता आणि घरात कोणाला उच्चारू दिला नव्हता. मुलाचे नाटक त्यांनी कधी पाहिले नव्हते. हे पाहायला मात्र ते येणार होते.

तालमीत वाद निघाला तो पुतण्याचे काम करणाऱ्या पोरामुळे.

"मास्तर, आता जोहार कोन म्हन्ते? लोक जयभीम म्हन्तात. आपन त्याचा पोस्टमन करून टाकू. खाकी कपडे घालाचे, 'टपाल' म्हनाचं, झालं."

"पोस्टमनच्या तोंडाकडे कोणी पाहत नाही?" मास्तर म्हणाले. "तुयं लगन जुळून राह्यलं. तू तं त्याले पाहाले चौकापर्यंत जातं."

हशा झाला. तो ओसरल्यावर सगळे कारकुनाकडे पाहू लागले.

"शब्द राहू द्या," तो म्हणाला. "तो काढला तर त्या घरानं काऊन पाह्यलं नाही, हे कसं समजन?"

"वडिलांना सांगितलंस?" मास्तरांनी विचारले.

"नाही."

"अरे, मग?"

"सांगतलं तं येनार नाहीत. आन् इथं येऊन मधातच उठून गेले, तं पुन्हा माह्या दारात पाय ठेवनार नाहीत."

सांग, असेच सर्वांचे म्हणणे पडले. रविवारी तो गावी गेला. सोमवारी विचारले तेव्हा "नाही जमलं" एवढेच बोलला.

पहिला प्रयोग एका शाळेच्या पटांगणात झाला; दुसरा अकोल्याला ठरला होता. वडील तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर होते. पांढरे धोतर, पांढरा सदरा, दोन्ही हात काठीवर. विंगेतून मला ते स्पष्ट दिसत होते. मागच्या बाजूला कारकुनाच्या वस्तीतली तरुण मुले बसली होती.

पहिल्या अंकात घोंगडी पांघरलेला पुतण्या आला. "जोहार, मायबाप."

मागून लगेच आवाज आला, "कोन हाय बे थो? तोंड दाखव!"

पोरगा गोंधळला. त्याने घोंगडी आणखी पुढे ओढली, तसे उरलेले प्रेक्षकही माना उंच करून बघू लागले. "अरे, हा तं पुतन्या होय!" कोणीतरी ओरडले. खून अजून व्हायचा होता आणि खुनी साऱ्या पटांगणाला कळला होता.

तिसऱ्या रांगेत वडील उठून उभे राहिले. "बसा ना, बाबा," मागचा एकजण म्हणाला. ते बसले नाहीत आणि गेलेही नाहीत. खुर्च्यांच्या कडेला, बाहेर जाण्याच्या वाटेवर उभे राहिले. दुसरा अंक त्यांनी तिथूनच पाहिला. कारकून माझ्याशेजारी विंगेत होता. त्याने एकदा तिकडे पाहिले आणि नंतर पाहणे टाळले.

तिसऱ्या अंकात त्याचा प्रश्न आला. "संध्याकाळी जो जोहार म्हणाला, त्याच्या तोंडाकडे तुमच्यापैकी कोणी पाहिलं?"

"आमी पाह्यलं!" मागून एकदम उत्तर आले. हसण्याचा आणि टाळ्यांचा गजर झाला.

गुप्त पोलिसाला उलगडण्यासारखे काही उरले नव्हते. मी पुढचे वाक्य दिले. त्याने हाताने मला थांबवले. आवाज शमू दिला, मग प्रेक्षकांकडे पाठ करून तो मास्तरांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला.

"मी यांना नाही, तुम्हाला विचारतो आहे. रोज तुमच्या दारात येणारा माणूस. त्याचं तोंड तुम्ही कधी पाहिलं होतं?"

हे संहितेत नव्हते. मास्तरांचे उत्तर मात्र होते: "त्याच्याकडे कोण कशाला पाहील, साहेब?" जुन्या प्रयोगांत या वाक्याला हमखास हशा येई. तालमीत मास्तर ते हात झटकून म्हणत. त्या दिवशी हात हलला नाही. वाक्य त्यांनी पूर्ण केले, पण शेवटचे शब्द विंगेत मलाही नीट ऐकू आले नाहीत. कोणी हसले नाही. पुढे पुतण्याला बेड्या पडल्या, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

पडदा पडल्यावर वडील रंगमंचामागे आले. मुलाने रंग पुसला नव्हता.

"मले सांगतलं काऊन नाही?"

"तुमी आले नसते, बाबा."

"नसतोच आलो. उठलो होतो मी."

"पाह्यलं म्या."

"तू त्यायले पुसलं, तवा म्हटलं, जवाब ऐकूनच जाऊ."

मास्तर आरशापुढे मिशी काढत होते. वळून म्हणाले, "दिला ना मी जवाब."

"देल्ला. पन लय हळू देल्ला. मांगच्यायले ऐकू नाही आला," वडील म्हणाले. "अकोल्याच्या खेळात जोरानं द्या, मास्तर."