डाव्या पारड्यातलं कुंकू

तराजू तपासणं हे माझं पुण्यातलं रोजचं काम. सुट्टीतही तराजूच बघायला जावं, असं मला मुळीच वाटत नव्हतं. पण ऑफिसातला चोपड्याचा सहकारी म्हणाला, "आमच्याकडच्या एका गावाने एकाहत्तरच्या युद्धातली प्रयोगशाळा जपून ठेवली आहे. तिथला तराजू कुणीतरी जाणकाराने बघावा, असं त्यांचं कधीपासून चाललंय." रजा शिल्लक होती. निघाले.

रेल्वेने जळगाव, पुढे एसटीने चोपडा. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि केळीने भरलेल्या ट्रकांमागे बस हळूहळू सरकते. घाईत असाल तर हा रस्ता नको. चोपड्याहून शिरपूरच्या बसने फाट्यावर उतरायचं आणि चालत आत जायचं. गावाचं नाव देत नाही, कारण पुढची गोष्ट एका घराची आहे. स्टँडवर "कापसाची लॅब" म्हटलं की कंडक्टर फाटा सांगतात. तिकीट नाही, दारात दानपेटी आहे. चप्पल बाहेर काढावी लागते.

कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या, आता बंद पडलेल्या जिनिंगमधली ही एक खोली. ती उघडून दाखवतात ते आबा, निवृत्त विज्ञान शिक्षक. सरकीला चिकटलेले आखूड तंतू शुद्ध करून त्यांच्यापासून तोफगोळ्यांची दारू बनते. युद्धाच्या वर्षी इथून ते तंतू दारूच्या कारखान्यात जायचे, आणि माल कोरडा आहे की नाही हे याच खोलीत ठरायचं. नमुना तोलायचा, भट्टीत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. भट्टी, काचेच्या बरण्या, चिमटे, सगळं जागच्या जागी आहे. भिंतीवर तेव्हाच्या कामगारांचे फोटो, प्रत्येकाखाली नाव. एका फोटोखालची जागा कोरी.

"ती पाटी तुमच्यासाठी थांबली आहे," आबा म्हणाले.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आत आली. त्या अक्का. फोटो त्यांच्या यजमानांचा होता. तोलण्याचं काम यजमानांकडे असायचं. आबा माहिती सांगू लागले, तसं अक्कांनी त्यांना मध्येच तोडलं.

"आबानं भाषन आयकशी तर इठेच सांज व्हई जाई, बेटा. तू काटा देख."

"अक्का, पाहुणीला पाणी तरी पिऊ द्या."

"पानी काय पळी जाई?"

हकिगत थोडक्यात अशी. त्या वर्षी कारखान्याने इथला एक लॉट 'ओला' म्हणून परत पाठवला. यजमानांनी तो कोरडा ठरवून पाठवला होता. त्यांना कामावरून काढलं, सगळं गाव उलटलं. "बठ्ठा गाव त्यासले बेइमान म्हने," अक्का म्हणाल्या. पुढे जिनिंग बंद पडलं, खोली झाडण्याचं काम अक्कांकडे आलं. संग्रहालय करताना आबांनी तराजूची दांडी मोकळी करणारी कळ सोडली, तर काटा डावीकडे झुकलेला.

"मानूस खोटा नव्हता. काटा खोटा शे. तू लिही दे."

तेच पाटीवर जाणार होतं.

मी आधी तराजूवरची पाणसळ बघितली. बुडबुडा मधोमध होता, म्हणजे टेबल सरळ. कळ सोडली. काटा डावीकडे गेला. मग तराजूच्या काचेच्या पेटीचं दार वर करून पारडी बघितली. उजवं पारडं स्वच्छ. डाव्यात हळदकुंकवाची कडक झालेली पुटं, त्यात रुतलेल्या अक्षता.

"पूजा कोण करतं?"

"मीच. दर खंडेनवमीले. डावा पारडामा कापूस ठेयेत ना, ती लक्ष्मी."

मला उत्तर मिळालं होतं, आणि ते सांगायची इच्छा नव्हती. तरी सांगितलं. काटा कुंकवाच्या वजनाने झुकलाय. खाली तो कसा आहे, हे पुसल्याशिवाय कळणार नाही. अक्का फोटोकडे वळल्या.

"पुस. देखू काय व्हस ते."

पारडं काढून ओल्या फडक्याने पुसलं, वाळवलं, परत टांगलं. कळ सोडली. काटा दोन्हीकडे थोडा डोलला आणि शून्यावर थांबला.

अक्का यजमानांच्या फोटोला हात लावून म्हणाल्या, "त्या मरेपर्यंत एकच म्हनेत, मना काटा खरा शे. मी म्हनू, कितला हट्टी मानूस! इतला वरीस मीच त्यासना काटाले खोटा म्हनं."

"मग माल ओला कसा निघाला?" आबांनी मला विचारलं.

मी माहीत होतं तेवढंच सांगितलं. काटा झुकलेला असता तरी तीच चूक वाळवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा झाली असती आणि वजाबाकीत जवळपास निघून गेली असती. आणि कापूस हवेतली ओल ओढतो. इथे कोरडा निघालेला माल वाटेत ओला होऊ शकतो. म्हणजे कदाचित दोन्हीकडचे काटे खरे होते. पण आता ते सिद्ध करता येणार नाही.

अक्कांनी मान हलवली. घरी नेऊन वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. आम्ही तराजूबद्दल बोललो नाही. निघताना त्यांनी विचारलं, "आते कुंकू कोठे लावू?" काचेच्या पेटीच्या लाकडाला, मी म्हणाले.

परतताना शिरपूरमार्गे धुळे गाठलं. रस्ता उत्तम, धुळ्याची शेवभाजी जपून खावी इतकी तिखट.

पुण्यात पोचल्यावर आबांचा फोन आला. पाटी रंगवून झाली होती. यजमानांच्या नावाखाली अक्कांनी एवढंच लिहायला लावलं: 'यांचा काटा खरा होता.'

माझ्या तपासणीतूनही तेवढंच निघतं, आणि तेही फक्त आजच्या काट्याबद्दल. अक्कांना ते पुरलं. मला अजून पुरत नाही. कामावर रोज पहिलं वजन ठेवण्याआधी काटा शून्यावर यायची वाट बघते, तेव्हा तो परत आलेला लॉट आठवतो.