हौसा आणि तिची चांदीची सवत

हौसा नळावर यायची ती भांडतच. भांडण आमच्याशी नसायचं, गळ्यातल्या चांदीच्या टाकाशी असायचं. तिच्या नवऱ्याची पहिली बायको, शेवंता, बाळंतपणात गेली होती. दुसरीने पहिलीचा टाक, म्हणजे तिच्या नावाचा चांदीचा कोरीव पत्रा, गळ्यात घालायचा, जेवताना आधी तिला घास दाखवायचा, ही आमच्याकडची रीत. हौसा रीत पाळायची आणि वर शिव्याही द्यायची. "काय गं भवाने, तुझा नवरा काल पण जेवला न्हाय. काय शिकवून गेलीस त्याला?" बायका हंडे खाली ठेवून हसायच्या.

नवरा रघुनाथ कापड विणायच्या लूम दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लूमला त्याने हात लावला की ती चालायची. घरी मात्र भिंतीकडे तोंड करून बसायचा. मारायचा नाही, प्यायचा नाही, बोलायचाही नाही. बोललाच तर "ती असती तर" एवढंच. हौसा त्याच्यासमोर अख्ख्या चाळीच्या नकला करायची. हसायचे मी, शेजारच्या दारातून. शेवटी तिने त्याला ओढत मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या मिळाल्या, त्या त्याने मोरीत टाकल्या. आठवड्याने मी विचारलं, काही फरक?

"मोरी लई खूश हाय, मावशे."

आठ वर्षं मी तिला एकच सांगत होते, सोस थोडं, माणूस दुखावलेला आहे. सांगणाऱ्याचं काय जातं? एकदा तर मी पुढे जाऊन म्हटलं, शेवंता करायची तसं वालाचं बिरडं कर, तिच्यासारखी हिरवी साडी नेस. मी चौथी शिकलेली, अक्कल तेवढीच चालली.

हौसाने तसं केलं. रघुनाथ दोनदा भात मागून जेवला. आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून हसला आणि म्हणाला, "शेवंते, पाणी दे."

"मग गं?" मी विचारलं.

"मी ओ दिली, मावशे. पाणी पण दिलं." तिने गळ्यातला टाक मुठीत धरला. मग म्हणाली, "उद्या मला कुणी हौसा म्हणून हाक मारली, तर मीच वळून बघीन, कोण आली म्हणून."

दुसऱ्या दिवशी तिने टाक धुतला, हळदकुंकू लावलं आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला. मी दारातच होते, दुसरीकडे कुठे असणार? "तुमचं दोघांचं बरं चाललंय," ती म्हणाली, "मधी मीच कडमडतेय. गोळ्या फळीवर हायेत. घ्या, न्हायतर मोरीला द्या." तो हातातल्या टाकाकडे बघत राहिला. ती एका पायात चप्पल घालून उंबऱ्यावर थांबली. रिक्षावाल्याने दोनदा हाक मारली. मग तिने दुसरी चप्पल घातली आणि अंजूरला बहिणीकडे गेली.

मी चाळभर तिला निर्दय म्हणत फिरले.

तीन महिन्यांनी अंजूरला गेले. ती गोडाऊनमध्ये खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कसे हायेत?"

"बरा आहे. जेवतो. त्याची बहीण आलीय, ती समोर उभी राहून गोळ्या देते."

तिने डोळे पुसले. मला वाटलं, आता परत येते म्हणणार.

"मला वाटायचं, मी गेले तर हा माणूस मरंल," हौसा म्हणाली आणि खो खो हसायला लागली. "आठ वर्षं, मावशे! केवढी मोठी समजत होते मी मला!"