मी आजार लपवला नव्हता

"तुला वाचून काय कळणार? चौथीवाली तू. सही येते ना? मग कर."

ऑफिसातल्या साहेबांनी माझ्या हातातून फॉर्म ओढून घेतला. रांगेतले पुरुष हसले. बायकाही हसल्या. ते जास्त लागलं.

रोह्याच्या एका कारखान्यात मी पावडरीच्या पिशव्या भरते. कासू गावाहून गाडीने येते-जाते. आम्ही ठेकेदाराची माणसं, पण त्या वर्षी आमचाही आरोग्य विमा निघाला. साहेब एकेकाला मोठ्याने विचारत आणि स्वतःच लिहीत. शेजारी मुकादम उभा.

"काही आजार?"

मला तीन वर्षं अंगावरून फार जात होतं. नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. मी खाली बघून म्हटलं, "नाय." माझ्या मागे बेबीमावशी. तिचं अंग बाहेर येतं, हे डबा खाताना आम्हा सगळ्या बायकांना माहीत. तीही म्हणाली, "नाय." त्या रांगेत एकाही बाईला आजार नव्हता.

काही महिन्यांनी काम करताना चक्कर येऊन पडले. पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दार लावलं आणि विचारलं, "कधीपासून?" दार लावलेलं होतं म्हणून खरं सांगितलं. तीन वर्षं. त्यांनी ते लिहून घेतलं. गाठ आहे, गर्भाची पिशवी काढावी लागेल, विम्याच्या कार्डावर होईल, म्हणाल्या.

झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षं लिहिलेलं, फॉर्मवर 'आजार नाही', म्हणून विमावाल्यांनी नकार कळवला. दवाखान्यातल्या विम्याच्या खिडकीवरच्या मुलीने मला विम्याचं मराठी पुस्तक दिलं. मी ते बोट ठेवून वाचलं, चार दिवस लागले. पूर्वीपासूनचा आजार म्हणजे विमा काढायच्या आधीचं दुखणं. प्रतीक्षा कालावधी म्हणजे अशा दुखण्यासाठी थांबायचे दिवस. आमच्या विम्यात एक वर्ष. म्हणजे आधी सांगितलं असतं, तर वर्षाने ऑपरेशन झालं असतं. माहिती दडवली, तर काहीच नाही.

मला सगळं कळलं. मग साहेबांनी फॉर्म का ओढला होता? घाई होती म्हणून? की आम्हाला कळू नये म्हणून? मला अजून ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून मी कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करत नाही.

नकाराचं ऑफिसात कळलं, तेव्हा साहेबांनी बोलावलं. "बसा बाई," म्हणाले. चहा मागवला. तूचं तुम्ही झालं, तेव्हाच मी सावध झाले.

"एवढी एक सही करा. मग तुमच्या ऑपरेशनचं बघू काहीतरी."

मी वाचायला घेतलं. साहेबांचं दोनदा घड्याळाकडे बघून झालं. कागदावर होतं, 'आजाराची माहिती मी जाणूनबुजून लपवली. ठेकेदार व कंपनीविरुद्ध माझी तक्रार नाही.'

दारात उभा मुकादम म्हणाला, "कर गो सही. नायतर कामावरनं जाशील."

मी साहेबांकडे बघून बोलले, "मी लपवला नाय. तुम्ही पुरुषांच्या रांगेत विचारलंत. बाईमाणूस बसवा, दार लावून विचारा. मग बघा किती आजार निघतात ते."

"ऑपरेशन अडेल तुमचं."

"अडू दे. खोटं लिहून नाय देणार."

कागद तसाच ठेवून उठले. जाऊन पुन्हा पिशव्या भरायला लागले.

ऑपरेशन अजून झालेलं नाही. अलिबागच्या सरकारी दवाखान्यात नंबर लावलाय. दुखतंच. कामावरून कधी काढतील सांगता येत नाही. मुकादमाने बायकांना माझ्याशी बोलायला मनाई केली आहे.

पुढच्या आठवड्यात विमा नवा करायचा आहे. बाई बसवणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. मुकादमाची नजर चुकवून बेबीमावशीला विम्याचं पुस्तक वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला लाज वाटते गो. माझ्याच्यानं नाय सांगवणार."

मी म्हटलं, "मी सांगते."

आधी माझा आजार सांगेन, मग तिचा; तसं सांगायला तिने हो म्हटलंय. सगळ्यांसमोर, मोठ्याने. दोन्ही आजार साहेबांच्या हाताने कागदावर उतरेपर्यंत मी त्या टेबलापासून हलणार नाही.