बेकरीचा सोमवार

सरांचं खरं आडनाव हजेरीपटावर होतं, पण कॉलेजात त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नसे. सगळे म्हणत खाकरे सर. फळ्यावर गणित मांडता मांडता विद्यार्थी चुकला की सर रागावत नसत, बोलत नसत, नुसते मागच्या बाकावरून घसा खाकरत. तेवढ्यानं त्याचा हात थांबे, तो दोन ओळी वर चढे, एक ओळ खाली उतरे आणि चूक स्वतःच शोधून काढे. या पद्धतीचा सरांना भारी अभिमान. "चूक मी दाखवत नाही, ती आहे एवढंच कळवतो," असं ते स्टाफरूममध्ये सांगत, आणि दहादा ऐकलेले लोकही मान डोलवत. घरी भाजीत मीठ कमी पडलं आणि सर खाकरले, की बायको म्हणे, "मीठ समोर आहे. मी तुमची विद्यार्थिनी नाही."

विषय त्यांचा ऑपरेशन्स रिसर्च. कमीत कमी माणसांत, गाड्यांत, वेळेत जास्तीत जास्त काम कसं बसवायचं, याचं गणित. दरवर्षी या विषयाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होई आणि सर तिच्यासाठी मुलांना डोळ्यांत तेल घालून तयार करत. तिघांचा संघ. सकाळी संघांना कागद वाटून प्रश्न वाचून दाखवायचे, दुपारी संघातल्या एकानं परीक्षकांसमोर फळ्यावर तो मांडायचा. शिक्षकांनी मागच्या रांगेत बसायचं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही.

त्या वर्षी फळ्यावर उभी होती टाचणी. टेलरची मुलगी, अंगानं काटकुळी आणि बुद्धीनं टोकदार, म्हणून वर्गानं ठेवलेलं हे नाव. पहिल्या आलेल्या संघातल्या तिघांनाही पुढच्या शिक्षणासाठी विद्यापीठात जागा आणि राहण्याजेवणाचा खर्च मिळणार होता. त्यातली एक जागा टाचणीची, हे सरांनी मनात कधीच लिहून टाकलं होतं. तिचे वडील दुकान बंद ठेवून, स्वतः शिवलेला शर्ट घालून आले होते आणि सरांच्या शेजारी ताठ बसले होते.

प्रश्न होता एका बेकरीचा. दिवसरात्र चालणारी भट्टी, चार चार तासांच्या पाळ्या, प्रत्येक कामगार सलग दोन पाळ्या करणार. कुठल्या पाळीला किती माणसं लागतात ते दिलेलं, एकूण कमीत कमी किती कामगार ठेवावेत ते काढायचं. असल्या प्रश्नात पोरं दरवर्षी एकाच ठिकाणी आपटतात. मध्यरात्रीच्या आधी कामाला लागलेला माणूस दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाळीतही असतो, हे विसरतात. सरांनी हे वर्गात इतकं घोटून घेतलं होतं की झोपेतही कुणी चुकलं नसतं.

आणि टाचणीनं सोमवारची पहिली पाळी मांडली, तीत आदल्या रात्रीची माणसं धरलीच नाहीत.

सर खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी घसा खाकरला. मोठ्यानं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. टाचणीचा खडू थांबला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. फळ्याकडे बघत ती क्षणभर उभी राहिली, मग आदल्या रात्रीची माणसं तिनं त्या ओळीत घातली आणि उत्तर काढलं.

"या बेकरीला रविवारी सुट्टी असते," एक परीक्षक म्हणाला. "मग ही माणसं सोमवारी पहाटे आली कुठून? भट्टीत झोपली होती का?"

सभागृह हसलं. टाचणी म्हणाली, "चुकलं," आणि खडू खाली ठेवला.

रविवारची सुट्टी प्रश्नात स्वच्छ सांगितलेली होती. सकाळी प्रश्न वाचला जात होता तेव्हा सर बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या कॉलेजच्या प्राध्यापकाला आपली खाकरण्याची पद्धत समजावून देत होते. आत शिरले तेव्हा शेवटच्या दोन ओळी चालल्या होत्या, आणि त्यांना वाटलं, असले प्रश्न काय आपण आज बघतोय?

त्यांचा संघ दुसरा आला. दुसऱ्याला टाळ्या आणि प्रशस्तिपत्र. बाहेर वडिलांनी विचारलं, "सर, कुठं चुकली हो?" तेव्हा सरांना सगळं कळून चुकलं होतं. जीभ मात्र रेटली नाही. संघातली बाकीची दोन्ही मुलं बघत होती, प्राचार्य बघत होते. सर म्हणाले, "हुशार आहे हो, पण घाई करते. प्रश्न नीट वाचायला हवा होता." टाचणी तिथंच उभी होती. तिनं चपलेचा बंद सारखा केला, आणि सगळे गाडीत बसले.

त्यानंतर सरांनी खाकरणं सोडलं. विद्यार्थ्यांना वाटलं, सरांनी घशावर इलाज केला. टाचणीला खरं सांगायचं, हे ते रोज ठरवत आणि रोज टाळत. आधी लाज आड आली. मग ती बस डेपोत चिकटल्याचं कळलं, आणि मिळालं ना पोरीला काहीतरी, आता कशाला उकरून काढायचं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. समजूत दिवसभर टिके. सकाळी दाढी करताना आरशात बघितलं की ती पुन्हा घालावी लागे.

वर्षं गेली. निवृत्ती तोंडावर आली तेव्हा प्राचार्यांनी सरांचं नाव अध्यापन स्पर्धेला पाठवलं. शिक्षकानं परीक्षकांपुढं एक तास शिकवायचं आणि एका जुन्या विद्यार्थ्यानं त्याच्याविषयी बोलायचं. "टाचणीला बोलवा," प्राचार्य म्हणाले. "डेपोतल्या सगळ्या चालकांच्या ड्यूट्या तीच लावते. लोक नाव काढतात तिचं."

सर डेपोत गेले. तिच्या खोलीत भिंतभर फळा होता आणि त्यावर रंगीत पट्ट्या. एक चालक गुरुवारची ड्यूटी बदलून मागत होता. तिनं त्याच्याकडे न बघता दोन पट्ट्यांची अदलाबदल केली आणि म्हणाली, "झालं. पण शनिवारी कुरकुर करायची नाही." मग तिनं सरांना पाहिलं, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. बोलायला यायचं तिनं लगेच कबूल केलं. काम झालं होतं, उठून जाता आलं असतं. पण ती इतकी मोकळेपणानं हसत होती की सरांना ते सोसवेना.

"त्या बेकरीच्या प्रश्नात तू बरोबर होतीस," ते म्हणाले. "चूक माझी होती."

"माहीत आहे, सर."

"कधी कळलं?"

"कळायचं काय त्यात? सकाळी प्रश्न वाचला तेव्हाच रविवारखाली रेघ मारली होती मी."

"मग बदललंस कशाला?"

"तुम्ही खाकरलात ना." तिनं कप त्यांच्याकडे सरकवला. "सर चुकतील असं तेव्हा वाटलंच नाही. म्हटलं, मलाच काहीतरी दिसत नसेल."

 तिनं भिंतीवरची एक पट्टी नीट केली. मग म्हणाली, "त्याचं मला आता काही वाटत नाही. पण सर, एक काम कराल? बाबांना सांगाल? ते अजून गिऱ्हाइकांना सांगतात, आमच्या पोरीला घाई नडली."

सर तसेच उठून दुकानात गेले. टेलर आता थकले होते, पण मशीन चालू होतं. सरांना बघून ते उभे राहिले, आणि सर बसेपर्यंत बसले नाहीत. सरांनी या वेळी काही हातचं राखलं नाही. व्हरांडा, खाकरणं, बाहेर येऊन मारलेली थाप, सगळं सांगितलं.

टेलर मांडीवरच्या कापडाची घडी घालत ऐकत होते.

"म्हणजे ती बरोबर होती," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्हाला ते ठाऊक होतं."

"हो."

घडी पूर्ण झाली तरी ते तिच्यावरून हात फिरवत राहिले. "त्या साली तिला प्रवेश परीक्षेला बसायचं होतं," ते म्हणाले. "स्पर्धा गेली तर गेली, म्हणाली, मी माझ्या जिवावर जागा मिळवते. मीच बसू दिलं नाही. म्हटलं, तुझे सर स्वतः सांगतात तुला प्रश्न धड वाचता येत नाही, कशाला पुन्हा हसं करून घेतेस? रडली, भांडली. पण तुम्ही खोटं बोललात, असं एकदाही म्हणाली नाही."

 इतकी वर्षं सर त्या खाकरण्याचंच दुःख करत बसले होते. हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मला यातलं काय कळतं, सर?" टेलर म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला विचारलं होतं."