पाटीवरचे दोन नाना

नागपूरहून द्वारकेला गाडीने जायचं ठरलं, तेव्हा मी कागदावर तीनच नियम लिहिले होते. दिवसाला साडेचारशे किलोमीटरच्या वर जायचं नाही, दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायचं आणि अंधार पडला की गाडी उभी करायची. संध्याने, म्हणजे माझ्या बायकोने, खाली चौथी ओळ लिहिली: "यांचं धुळ्याचं काम."

ते काम असं होतं. माझे वडील, नाना, मूळचे धुळ्याचे. नोकरीसाठी नागपूरला आले आणि तिथलेच झाले. दोन वर्षांपूर्वी गेले. आमच्याकडे त्यांचा सर्वांत जुना फोटो आहे तो कचेरीच्या ओळखपत्रावरचा, वय बेचाळीस, चष्मा, कपाळ मोठं झालेलं. विशीतले नाना ना मी पाहिलेत, ना माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने. तरुणपणी ते खो-खो खेळत, एवढंच आम्हाला माहीत. "एकदा फोटो काढला होता आमच्या संघाचा," असं ते कधीतरी म्हणायचे आणि स्वतःशीच हसायचे. का हसायचे, ते आम्ही कधी विचारलं नाही. गेल्या दिवाळीनंतर एका लग्नात कळलं, की धुळ्याच्या देवपुरात एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी राहत्या घराच्या दोन खोल्यांत खेळांचं संग्रहालय केलं आहे आणि तो फोटो तिथे भिंतीवर आहे.

सकाळी साडेपाचला निघालो तेव्हा गाडीचा काटा ४१,२०६ वर होता. अमरावती, अकोला मागे पडलं. भुसावळ ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या, आणि मधूनच केळीने भरलेला ट्रक पुढे आला की दहा-दहा मिनिटं त्याच्यामागे रांगणं. जळगावला पोचायला पावणेतीन झाले. माझ्या अंदाजापेक्षा पन्नास मिनिटं उशीर.

थंडीचे दिवस, म्हणजे भरिताचे दिवस. मुक्कामाच्या लॉजशेजारी एका खानावळीत भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) मिळाली. वांगी तुरीच्या काड्यांवर भाजलेली होती, हे वाढणाऱ्या बाईंनी आम्ही न विचारताच सांगितलं. संध्याने दुसरी भाकरी घेतली तेव्हा बाई म्हणाल्या, "घ्या हो ताई, नागपूरला हे वांगं कुठे मिळतं!" आम्ही नागपूरचे हे त्यांना कसं कळलं, असं संध्याने विचारलं. "गाडीचा नंबर वाचला. आणि भाऊंनी पहिल्या घासाला पाणी मागितलं, म्हणजे खानदेशातले नाहीत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जळगाव ते धुळे, काट्याप्रमाणे ९६ किलोमीटर. त्यातले सहा माझ्या चुकीचे, कारण बाह्यवळणावरून मी सरळ पुढे गेलो आणि परत फिरावं लागलं. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो. दोन ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. दारावर पाटी नव्हती, पण ओसरीवर लाकडाची मुद्गलं ओळीने उभी होती, म्हणजे पत्ता बरोबर.

सर सत्तरीचे, बारीक, पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेले. "आधी सगळं बघायचं, मग तुमचा फोटो," त्यांनी दारातच बजावलं. आम्ही सगळं बघितलं. कुस्तीच्या गदा, मल्लखांबाचा झिजलेला खांब, हुतुतूच्या संघांचे विटलेले बनियन, वेताच्या ढाली, आणि एक लोखंडी शिट्टी, जी सरांनी वाजवून दाखवली तशी समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. मी मोजत होतो. एकशे बारा वस्तू. सर म्हणाले, एकशे चौदा. दोन माझ्या सुटल्या होत्या, आणि त्या कुठल्या हे दाखवल्याशिवाय त्यांनी मला पुढे जाऊ दिलं नाही.

मग फोटो.

तो पाहून संध्या आधी हसली. नऊ जणांचा संघ. आप्पा म्हणून एक जण खुंटापाशी उभा, बाकी आठ ओळीत मैदानावर बसलेले. पण बसले होते पाटीवर (पाटी म्हणजे खो-खोत बसण्याची ठरलेली जागा), खेळात बसतात तसे, एकाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे. परिणामी कॅमेऱ्याला चार चेहरे आणि चार पाठी.

"फोटोवाला म्हणाला असेल, बसा," सर म्हणाले. "खो-खोवाल्यांना 'बसा' म्हटल्यावर ते दुसरं कसं बसणार?"

फोटोखाली शाईने नावं होती. डावीकडून: आबा, नाना, भाऊ, बापू, नाना, अण्णा, दादा, तात्या. खरं नाव एकाचंही नाही. खानदेशात हे असंच चालतं. मुलगा पाळण्यात असतानाच घरात त्याचा आबा नाहीतर नाना होतो, आणि पुढे गावालाही दुसरं नाव आठवत नाही. नाना दोन होते. दुसरा आणि पाचवा. पाचव्याचा चेहरा दिसत होता. दुसऱ्याची पाठ.

पाचवा नाना देखणा होता. वीस-बावीसचा, हसरा, केस मागे फिरवलेले. मी ओळखपत्राचा फोटो मोबाइलवर काढून शेजारी धरला.

"हेच," संध्या म्हणाली. "कान बघा. तुमचेच कान आहेत."

"कान बऱ्याच जणांचे असे असतात."

"अहो, तुम्हाला हवंय ना ते? मग?"

हवं होतं. एवढ्यासाठीच तर आलो होतो. सरांनीही खिशातून पेन काढलं. "पूर्ण नाव सांगा. पाचव्याखाली लिहून टाकतो. इतक्या वर्षांत कोणी हक्क सांगायला आलेलं नाही."

मी "काशिनाथ" म्हणालो आणि लगेच "थांबा" म्हणालो. कान जुळत होते, पण हनुवटी जुळत नव्हती. शंभरात पन्नास अशी ती गोष्ट होती, आणि भिंतीवर शाईने लिहिलेलं पुढे कोणी तपासत नाही. उद्या दुसऱ्या कोणाची मुलं येऊन त्यांच्या बापाखाली माझ्या बापाचं नाव वाचतील.

"यातलं आज कोणी आहे?" मी विचारलं.

"पहिला. आबा. सोनगीरला असतात. फोनवर ऐकू येत नाही, म्हणून माझं विचारायचं राहिलं." सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या वाटेवर नाही ते. तुम्ही सुरतेकडे, हे आग्रा रोडला."

जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. सरही गाडीत बसले. वाटेत संध्या एकच वाक्य बोलली, "नाही निघाले तर?" मी काट्याकडे बघितलं.

किल्ल्याच्या पायथ्याशी आबांचं घर. आबा ओसरीवर उन्हात बसले होते, पायावर चादर. सरांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी कोण ते सांगितलं. म्हातारा उजळला.

"नानाना पोऱ्या शे का तू? नाना कसा शे?"

"गेले, आबा. दोन वर्षं झाली."

ते काही वेळ किल्ल्याकडे बघत राहिले. मग मी फोटो पुढे केला, मोबाइलवर मोठा करून, पाचव्या नानावर बोट ठेवून.

"हे ना?"

"हाऊ? (हा?)" त्यांनी मान हलवली. "हाऊ नही रे भो. हाऊ साक्रीना नाना." आणि त्यांचं वाकडं बोट सरकत स्वतःच्या शेजारी आलं, पाठीवर. "तुना बाप हाऊ शे."

संध्याने माझ्या दंडावर हात ठेवला.

"नक्की का, आबा?" सरांनी विचारलं.

"नक्की म्हंजे?" आबा चिडले. "फोटोवाला वरडे, ओ दुसरा, इकडे तोंड करा! बठ्ठा म्हनेत, फिर ना नाना, फिर! (सगळे म्हणत होते.) तो काही फिरना नही. म्हने, शेजारी आबानं तोंड तिकडे शे. मी फिरनू तं दोन्हीसनं तोंड एकच बाजूले. फाउल व्हई!"

आबांना हसताहसता खोकला आला. संध्याने पाण्याचा तांब्या दिला. सर भिंतीला टेकून हसत होते. आणि मीही हसत होतो, डोळे पुसत. कारण घड्याळात पाच मिनिटं कमी असताना कचेरीची खुर्ची न सोडणारे, रिकाम्या चौकातही लाल दिव्याला सायकल थांबवणारे नाना मला एवढे स्पष्ट दुसऱ्या कुठल्या फोटोत दिसले नसते. ती पाठ मी नीट पाहिली. सरळ, खांदे पुढे झुकलेले, डावी टाच उचललेली. खो मिळाला की उठायला तयार.

द्वारकेहून परतताना दहाव्या दिवशी पुन्हा देवपुरात थांबलो. फोटोखाली नवी पट्टी होती: "२. काशिनाथ (नाना). चेहरा नियमाप्रमाणे पलीकडे." पाचव्याखाली लिहिलं होतं: "साक्रीचे नाना. पूर्ण नाव कळल्यास सांगावे." मी दोन्ही ओळी दोनदा वाचल्या आणि सरांना बरोबर असल्याचं सांगितलं.

घरी पोचलो. एकूण दोन हजार नऊशे अठरा किलोमीटर झाले होते. समुद्र, देऊळ, रणातले उंट, सगळ्यांचे फोटो अक्काला पाठवले आणि शेवटी हा पाठवला. खाली फक्त लिहिलं, "डावीकडून दुसरे नाना." सोनगीरचं काही लिहिलं नाही. प्रवासात मला एक भीती वाटत राहिली होती, की ही पाठ फक्त मलाच पुरेल आणि अक्काला मात्र रिकाम्या हाताने आल्यासारखं वाटेल.

पाच मिनिटांत तिचा फोन आला.

"काय रे, पाठच आहे ही."

"हो."

मग ती म्हणाली, "फोटोवाल्याने सांगितलं असेल ना, फिरा म्हणून?"

"सांगितलं होतं."

"आणि हे फिरले नसतील," अक्का म्हणाली, आणि हसू लागली.