तीन जिपा आणि उभा उतार

आखातातल्या आमच्या मराठी मंडळाची हिवाळी सहल दरवर्षी इब्राच्या पुढच्या वाळवंटात जायची. शुक्रवारी पहाटे सीबहून बस निघायची. कोण कुठे बसणार, कुणाच्या मुलाला बस लागते, चटणी कुणाकडे, हे सगळं माझ्या यादीत असायचं. लोक त्या यादीवरून मला भरपूर हसायचे आणि आदल्या रात्री फोन करून विचारायचे, "आम्ही काय आणायचं होतं हो?"

तिथे एक मोठी वाळूची टेकडी होती. मागच्या अंगाने जीप वर जायची, पुढच्या अंगाने आम्ही फळीवर घसरत खाली यायचो. पुढे दोन उतार होते. डावीकडचा सौम्य, पोरांसाठी आणि घाबरटांसाठी. उजवीकडचा उभा. त्यावर ज्यांना फळीवर तोल सांभाळता येतो त्यांनीच जायचं, असा नियम मी केला होता. तो पाळला जायचा नाही, कारण आपल्याला तोल सांभाळता येत नाही असं मंडळातल्या एकाही पुरुषाला वाटत नव्हतं.

आमच्या शेजारच्या वहिनींना मात्र तो खरंच सांभाळता यायचा. त्या मूळच्या चिपळूणकडच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. सहलीत भजी त्यांच्याकडे असत आणि त्यांची कांदाभजी म्हणजे सहलीचं निम्मं कारण. त्यामुळे कढई तापली की त्या तिथेच अडकायच्या. पण दरवर्षी पीठ भिजवण्याआधी, बाकीचे सामान उतरवत असताना, त्या ओढणी कमरेला बांधून सौम्य उतारावर एक-दोन फेऱ्या मारून घ्यायच्या. उभं राहून, बसून नव्हे.

त्या वर्षी तेलाचे भाव पडले होते. कंपन्या माणसं कमी करत होत्या आणि वहिनींच्या यजमानांची नोकरी गेली. महिनाअखेर ते दोघं कायमचे भारतात परतणार होते. सहलीच्या आधी त्या माझ्याकडे चहाला आल्या आणि म्हणाल्या, "यंदा मला उभ्या उतारावरून जायचंय. गावाला गेल्यावर काय भाताच्या खाचरात घसरू?"

"जा की. अडवलंय कुणी?"

"माणसं अडवतात गो. मला सरळ जाता येतं, थांबता येतं. वळायला नाही जमत. समोर कुणी आलं तर त्याला घेऊनच खाली येणार."

"कुणाला घ्यायचंय ते आधी सांगा. त्याच्या बायकोला कळवून ठेवते."

त्या हसल्या, पण निघताना दारात पुन्हा म्हणाल्या, "एकदाच. पण मोकळा उतार हवा हां."

मी ते यादीत सगळ्यात वर लिहिलं. अडचण एकच होती, माझा नवरा.

नवरा एका गोदामात मालाच्या ट्रकांचं नियोजन बघायचा. रांग दिसली की ती मोडायला त्याचे हात शिवशिवायचे. मागच्या वर्षी एकच जीप होती आणि पायथ्याशी लोक ताटकळले होते. एक काका तर म्हणाले होते, "एवढ्या वेळात चालत पार निझव्याला पोचलो असतो." ते नवऱ्याने मनाला लावून घेतलं होतं. यंदा त्याने परस्पर तीन जिपा ठरवल्या.

"आता बघ," तो म्हणाला. "रांगच नाही."

रांग खरोखर नव्हती. जिपा भराभर माणसं वर नेऊन ओतत होत्या. एक ड्रायव्हर तर माणूस दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच "यल्ला!" म्हणून गाडी सोडत होता. नवरा हाताची घडी घालून बघत होता, चेहऱ्यावर मुलगा पहिला आल्याचं समाधान.

मग सगळी रांग टेकडीच्या माथ्यावर दिसायला लागली. मी वर जाऊन पाहिलं. खाली जीपमध्ये घुसताना एकमेकांना कोपरं मारणारी माणसं उभ्या उताराच्या कडेला आल्यावर एकदम सुसंस्कृत झाली होती.

"तुम्ही आधी."

"छे छे, तुम्ही वडीलधारे."

"वडीलधारा आहे म्हणूनच सांगतोय, तुम्ही आधी."

मग कुणीतरी मागून टोचलं की चार जण एकदम निघायचे. एक मध्येच बसायचा, दुसरा त्याच्यावर आदळायचा, तिसरा फळी सोडून द्यायचा आणि ती एकटीच सुसाट खाली. खाली पोचलेले तिथून हलत नव्हते, कारण भज्यांची शेगडी उभ्या उताराच्या अगदी समोर होती. खात खात मजा बघायची अशी मंडळाची मागणी होती. सगळे हातात प्लेट घेऊन, वरून येणाऱ्या फळ्यांच्या वाटेत उभे राहून, वरच्यांना सल्ले देत होते.

वहिनी घाणा काढता काढता मान वर करून उताराकडे बघत आणि परत कढईत बघत. ऊन चढत होतं. वाळू तापली की फेऱ्या बंद, आणि जेवण झालं की बस.

मी नवऱ्याला गाठलं. "दोन जिपा थांबव."

"लोक ओरडतील. मागच्या वर्षी..."

"वर बघ जरा."

त्याने वर बघितलं. "वरून निघायचा वेग कमी पडतोय," तो गंभीरपणे म्हणाला. "खाली यायला अजून एखादा उतार असता तर..."

"टेकडी आणखी एक मागवतोस का?"

पण जिपा थांबवून भागणार नव्हतं. वर गेलेली माणसं वर होती, खाली आलेली खाली. ती हलवायची कशी? मी वहिनींच्या कढईकडे बघितलं आणि उत्तर मिळालं. ते मला फारसं आवडलं नाही.

"वहिनी, हा घाणा झाला की गॅस बंद. पिठाचं पातेलं द्या. मी डाव्या उतारापलीकडे चहाच्या शेगडीवर भजी तळते."

"तू?" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मी ऑपरेशन करते म्हटल्यावर डॉक्टरने टाकावी.

"मी. तुम्ही फळी घ्या."

"अगो, तुझी भजी कोण खाणार?"

"माझी आहेत हे खाल्ल्यावर कळेल. तोवर उतार रिकामा."

नवऱ्याला एकच काम दिलं, घोषणा. त्याचा आवाज गोदामात कमावलेला. "पुढची भजी डावीकडे, चहाजवळ! गरम आहेत तोवर या!"

पायथा बघता बघता रिकामा झाला. माथ्यावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. उभ्या उतारावरून न जाण्याला आता सन्माननीय कारण मिळालं होतं. "भजी गार होतील," असं म्हणत ते मागच्या बाजूला वळले आणि जिपांत बसून खाली आले. वर न्यायला आणलेल्या तिन्ही जिपा माणसं भरभरून खाली आणत होत्या. नवरा आजही सांगतो, तीन होत्या म्हणून जमलं. खरंय, पण मी अजून तसं कबूल केलेलं नाही.

शेवटच्या रिकाम्या जिपेतून वहिनी वर गेल्या. मी झारा हातात धरून बघत होते. उतारावर एकही माणूस नव्हता. त्या फळीवर उभ्या राहिल्या, गुडघे वाकवले आणि निघाल्या. सरळ, ना वेलांटी ना वळण. ओढणीचं टोक सुटून मागे फडफडत होतं. पायथ्याशी सपाटीवर फळी थांबली आणि त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान, जे कधी कुणापुढे मोठ्याने बोलत नसत, प्लेट खाली टाकून टाळ्या वाजवायला लागले.

"अहो, भजी सांडली!" कुणीतरी म्हणालं.

"जाऊ द्या हो, ही हिची नाहीयेत," ते म्हणाले.

वहिनी माझ्यापाशी आल्या. केसांत, भुवयांत, कानात वाळू. कढईतून काढलेलं एक भजं उचललं, फुंकलं आणि चावलं.

"पीठ सैल केलंस. आत कच्चंय."

"घ्या मग," मी झारा पुढे केला.

त्यांनी झाऱ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या उताराकडे. फळी काखेत मारली आणि जिपेकडे चालू लागल्या.

"गॅस बारीक कर गो," त्या मागे न बघता ओरडल्या. "आणि तळत राहा. एवढ्यात कुणाला उताराकडे सोडू नकोस."