बहिरा सासरा, पहिला आणि दुसरा

कच्च्या केळ्याची भजी तेलात पडली, की मला कुंभकोणमच्या माहेरची ती संध्याकाळ आठवते. मला बघायला तिरुविडैमरुदूरची मंडळी आली होती. रिवाजाप्रमाणे सोज्जी, म्हणजे शिरा, आणि भजी खाऊन झाली, तरी कुणी तोंड उघडेना. तेवढ्यात शेजारच्या टीव्हीवर एका जुन्या तमिळ विनोदी मालिकेचं शीर्षकगीत लागलं आणि मुलाची आई एकदम फुलली. त्या मालिकेतला बहिरेपणाचं सोंग घेणारा सासरा आधी एका नटानं केला होता, नंतर दुसऱ्यानं. "दुसराच खरा!" म्हणत त्यांनी कानामागे हात धरून त्याची नक्कल केली. मला राहवेना. मान खाली घालून उभं राहायचं सोडून मी त्यांना म्हणाले, "छे हो मामी! पहिला कानाला हातसुद्धा लावायचा नाही. सून ओरडत असायची आणि हा नुसता कॉफी प्यायचा, असा!" आणि ट्रेमधला कॉफीचा टंबलर उचलून, डोळे अर्धे मिटून, मी निवांत घोट घेतला. माझ्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती कॉफी नवऱ्या मुलाची होती. मामी पुढे वाकून ओरडल्या, "अगं, मुलगा पसंत आहे का?" मी ऐकूच न आल्यासारखं करून दुसरा घोट घेतला आणि सगळं घर हसत सुटलं. आमचा वाद अजून मिटलेला नाही. नवरा आईसमोर दुसऱ्याची बाजू घेतो, माझ्यासमोर पहिल्याची; आणि आम्ही दोघींनी एकदम विचारलं, तर त्याला काही ऐकूच येत नाही.